दारामागची बंदूक

माझ्या हातून आयुष्यात जे काही बरं घडलं, त्याच्या मुळाशी एका बाईचं नाव आहे. भागीरथी. माझी आई. मी तिला आये म्हणायचो, वाडीत तिला भागी म्हणत आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात 'बंदूकवाली' म्हणत. ती गेली त्याला आता काही आठवडे झाले. स्वतः शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने मला बी.कॉम. केलं, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर केलं, म्हणून आज मी दोहात राहून हमद पोर्टवर उतरणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तपासतो आणि दोन घास सुखाचे खातो. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, कृतज्ञतेचे चार शब्द लिहावेत आणि थांबावं. पण तिच्याबद्दल लिहायचं तर बंदुकीबद्दल लिहावं लागतं, आणि बंदुकीबद्दल लिहायचं तर ज्याचा मला अजून नीट उलगडा झालेला नाही, तेही लिहावं लागतं...

बातमी आली ती शुक्रवारी दुपारी. आम्ही दोहाच्या नजमा भागात राहतो. एरवी या वस्तीत चालताना खांद्याला खांदा लागतो. एकेका खोलीत दाटीने राहणारी माणसं, कॅफेटेरियाच्या काउंटरवर चहासाठी पुढे आलेले हात, बसथांब्यावरची गर्दी. पण शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली की दुकानांची शटरं एकामागून एक खाली येतात, माणसं मशिदीत जातात, उरलेली उन्हाला भिऊन घरात बसतात, आणि रस्ता इतका रिकामा होतो की समोरच्या इमारतीच्या एसीतून ठिबकणारं पाणी ऐकू येतं. मी बाहेरच्या खोलीत आडवा झालो होतो. माझी बायको मेघना आत कपड्यांना इस्त्री करत होती. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, आवाज बंद. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चढत वर आली. आमच्या दारापाशी थांबली.

बेल मात्र वाजली नाही.

मी उठलो. दार उघडायच्या आधी माझा उजवा हात आपोआप दारामागच्या कोपऱ्याकडे गेला. त्या कोपऱ्यात काहीही नसतं. पाहणाऱ्याला ती एक मोकळी फरशी आणि दोन भिंती दिसतील. तरी हात गेला, आणि बोटं मिटली, आणि मग मी डाव्या हाताने दार उघडलं. दारात समोरच्या फ्लॅटमधला रफिक उभा होता. रत्नागिरीकडचा, सूक वाकिफ या जुन्या बाजारात कापडाच्या दुकानात काम करणारा. अंगात नमाजाचे स्वच्छ कपडे, डोक्यावर टोपी. "सुधीरभाई, फोन का उचलत नाय तुम्ही?" एवढं म्हणून तो आमच्या उंबऱ्यावरच खाली बसला. मशिदीत जायला म्हणून तो खाली उतरला होता, जिन्याच्या तळाशी त्याला आमच्या गावाहून फोन आला, आणि तो परत वर आला होता. बेलवर बोट ठेवायचा त्याला धीर झाला नव्हता. "मावशी गेली," तो म्हणाला.

मी रडलो नाही. मला आधी जे वाटलं ते हे, की ही पावलं मी ओळखतो. आई गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे येऊन राहिली होती, आणि ती राहिली तितके सगळे शुक्रवार तिने हीच पावलं ऐकली होती.

आमचं गाव सिंधुदुर्गात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होतो. मागे राहिली काजूची कलमं, थोडी केळी, पावसाळ्यात नाचणी, आणि दारामागे उभी असलेली ठासणीची बंदूक. आमच्याकडे अशा बंदुका घरोघर नसल्या तरी नवलाच्या नाहीत. माकडं आणि रानडुकरं पिकात उतरतात, म्हणून शेतीच्या राखणीसाठी त्यांचा परवाना मिळतो. वडिलांच्या पश्चात आईने तो स्वतःच्या नावावर करून घ्यायचं ठरवलं. तालुक्याला अर्ज द्यायला ती मला बरोबर घेऊन गेली होती. टेबलामागचा माणूस हसला. "बाईमाणसाक बंदूक कशाक गो?" आई म्हणाली, "माकडां बाईमाणूस बगून मागे फिरनत नाय." तो पुन्हा हसला, पण अर्ज त्याने घेतला.

मी कॉलेजात गेलो, होस्टेलवर राहिलो, पुस्तकं घेतली, ते सगळं त्या काजूवर आणि केळीवर. म्हणजे त्या बंदुकीवरच म्हटलं तरी चालेल. आणि गंमत अशी की आईने त्या बंदुकीने एकही जीव मारला नाही. ती हवेत बार काढायची, नुसत्या आवाजाचा. मी एकदा विचारलं होतं, नेम धरता येत नाही का तुला? तिला राग आला नाही. "बंदूक मारूक नसता रे," ती म्हणाली. "घरात कोणतरी जागां आसा, ता सांगूक असता."

बंदुकीचे आमच्या घरात काही नियम होते. तोंड माणसाकडे करायचं नाही, भिंतीकडे करायचं. "आत दारू नसली तरी?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "बंदूक कदीच रिकामी नसता." दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं आणि नळीच्या तोंडात झेंडूचं फूल बसायचं. दुसरा नियम, बंदूक हातातून हातात द्यायची नाही. देणाऱ्याने भुईवर ठेवायची आणि घेणाऱ्याने भुईवरून उचलायची. मीठ आणि मिरची आपण हातात देत नाही, तसंच. का, ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

निवडणूक जाहीर झाली की परवाना असलेल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, ते आईच्या फार जिवावर यायचं. जुन्या लुगड्यात गुंडाळून, कुशीत धरून ती एसटीने तालुक्याला जायची. पाणवठ्यावरच्या बायका हसायच्या, "भागी चल्ली बग चेडवाक सासरी पोचवूक!" निकाल लागून बंदूक परत आली की घरी घावणे व्हायचे. पण मधले ते दिवस... मी सातवी-आठवीत असेन, तिन्हीसांजेला मी तिला काजूच्या बागेत पाहिलं. ती नेहमीच्या दगडावर उभी होती. डावा हात पुढे, उजवा खांद्याशी, मान कललेली. हातात काही नव्हतं. मी ओरडलो, "आये, बंदूक तर ठाण्यात आसा!" तिने मान न वळवता सांगितलं, "माकडांक खंय ठावक आसा?" मला हसू आलं. आणि मग समोरच्या आंब्यावरून माकडांची अख्खी टोळी एकदम उधळली. फांद्या कडाडल्या, आणि मग काहीच नाही. मला आवाज ऐकू आला नव्हता. तरीही माझ्या कानात दडा बसला होता, बार काढल्यावर बसतो तसा. घरी येईपर्यंत तो सुटला नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तिला व्हिजिट व्हिसावर दोहाला आणलं. मला तिला विमानात बसवायचं होतं, समुद्रकाठचे उंच मनोरे दाखवायचे होते, आणि खरं सांगायचं तर, मी काय झालोय ते तिने डोळ्यांनी बघावं असं वाटत होतं. त्याच सुमारास गावी निवडणूक होती, म्हणून बंदूक ठाण्यात ठेवूनच ती निघाली. आमच्या घरात पाऊल टाकल्यावर तिने आधी देव कुठे मांडलेत ते विचारलं, मग दाराच्या मागे पाहिलं. तिथे मेघनाचा मॉप, बादली आणि चपलांचा स्टँड होता. तिने ते सगळं उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलं. "हंय कायएक ठेव नको," ती म्हणाली. मेघना सांगलीची, रोखठोक. "आई, मग मॉप काय डोक्यावर घेऊन फिरू?" आई हसली, पण जागा तिने दिली नाही.

दोघींचं तसं छान जमलं. रफिकशी तर फारच. त्याची कोकणी आणि हिची मालवणी एकमेकांत मिसळायची, आणि तो दुकानातून येता येता हिच्यासाठी खजूर आणायचा. त्यानेच एका संध्याकाळी आम्हाला सूक वाकिफ दाखवलं. मसाल्याच्या ढिगांशी आई रमली, केशराचा वास घेऊन "खोटा आसा" म्हणाली, रफिक म्हणाला, "मावशे, हळू बोल, माझे सगळे ओळखीचे आहेत इथं." पुढे एका जुन्या वस्तूंच्या दुकानाबाहेर शोभेच्या बंदुका टांगल्या होत्या. लांब नळीच्या, चांदीच्या पट्ट्या ठोकलेल्या, कधीच्या काळी बंद झालेल्या. एकीचं तोंड रस्त्याकडे होतं. आई थबकली. स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्या अरब दुकानदाराला तिने हाताने खूण केली, नळी, माणसं, भिंत. मी ओशाळून तिला ओढू लागलो. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग उठून त्याने बंदूक काढली आणि तोंड भिंतीकडे करून पुन्हा टांगली. तिला तो काहीतरी बोलला. मी रफिकला विचारलं. "म्हणतो, बरोबर आहे. म्हणतो, हिच्या हातातली पण खाली करून धरायला सांग." आम्ही तिघांनी आईच्या हातांकडे पाहिलं. ते रिकामे होते. दुकानदार गंमत करत असणार, असं मीच म्हणालो. गाडीत बसेपर्यंत आईने मात्र उजवा हात अंगाशी धरला होता.

पहिल्याच शुक्रवारी जेवायला बसलो असताना तिने घास खाली ठेवला. बाहेर शटरं पडून गेली होती. "इलो," ती म्हणाली. कोण? "माका काय ठावक? दारात थांबलो." मी दार उघडलं. जिना खालपर्यंत मोकळा होता. पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी ती आधीपासूनच दाराकडे तोंड करून बसली. मी समजूत घालत होतो, आये, जुनी इमारत आहे, वरच्या मजल्यावर मुलं राहतात, रफिक नमाजाला जातो. तिने रफिकला बोलावून विचारलंच.

"रफिक, शुक्रवारी जाताना तू आमच्या दारात थांबतंस काय रे?"

"नाय मावशे. मला कायम उशीर झालेला असतो. मी तर जिना उड्या मारत उतरतो."

"उतरणारी न्हय. चढणारी पावलां."

"मग तो मी नाय," रफिक म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. "मगे थांबतलंस," ती हळूच म्हणाली. तू पुढे कधीतरी थांबशील... रफिक हसला, मीही हसलो. त्याच दिवशी तिने त्याला तिच्या फोनवरून गावाला, आमच्या शेजारच्या बाबलकाकांना, स्वतःचा नंबर सांगायला लावला. मी म्हटलं, माझा नंबर आहे की काकांकडे. तर म्हणे, "तुजो शुक्रवारी लागाचो नाय."

कबुतरांचं मात्र मेघनाने पाहिलं, मी नव्हतो. बाल्कनीच्या कठड्यावर कबुतरं बसून घाण करायची. मेघनाने जाळी लावली, चकाकणाऱ्या जुन्या सीडी टांगल्या, उपयोग शून्य. मी कामावर असताना आई बाल्कनीच्या दारात उभी राहिली. मेघनाने मला नंतर दाखवलं, कशी ते. डावा हात पुढे, उजवा खांद्याशी. मी तिला बागेतली ती गोष्ट कधी सांगितलेली नव्हती. "आणि अहो, एकदम गेली. सगळी. समोरच्या इमारतीवरची पण." संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा खाली आमचा नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, झाडू घेऊन उभा होता. "भाईसाब, दोपहर को आपके उधर कुछ फटा क्या? बहुत जोर से आवाज आया." मी म्हटलं, एसीचा कॉम्प्रेसर असेल. तो म्हणाला, हां, वही होगा. त्यानंतर आमच्या कठड्यावर कबुतर बसलेलं नाही.

तिच्या परतीच्या दिवशी टॅक्सी खाली येऊन थांबली होती, रफिक तिची बॅग घेऊन उतरला होता. मी घाई करत होतो. "रव," आई म्हणाली. ती दारामागच्या कोपऱ्यात गेली, वाकली, दोन्ही हातांनी काहीतरी उचललं, आणि सावकाश खोलीच्या मध्यभागी आली. गुडघे टेकून तिने ते फरशीवर ठेवलं. एक टोक जरा भिंतीकडे वळवलं. मग मागे सरकून उभी राहिली.

"उचल."

मी मेघनाकडे पाहिलं. ती ओठ दाबून हसू आवरत होती. मी म्हणालो, "आये, टॅक्सी थांबलीय. दे, हातातच दे."

"हातातसून दिवची नसता. तुका ठावक आसा. भुयेर ठेवलंय, उचल. आजपासून तुजी."

आपल्या आईचं वय झालं, एवढंच माझ्या मनात आलं. तिला वाईट वाटू नये म्हणून मी वाकलो. लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं तसे हात पसरले, एक दस्त्याखाली, एक नळीखाली, आणि वर आणले.

ते वर आले नाहीत. म्हणजे, पहिल्या झटक्यात आले नाहीत. कोपरापाशी वजन लागलं, जसं पाण्याने भरलेली घागर रिकामी समजून उचलावी. मग मी जोर केला आणि ते उचललं गेलं. नाकात खोबरेल तेलाचा आणि जळक्या दारूचा वास आला, फटाके वाजून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येतो तसा. मेघनाचं हसू गेलं होतं. "तुमच्या हाताच्या शिरा ताणल्या होत्या," ती नंतर म्हणाली. मी ते कोपऱ्यात नेऊन उभं केलं. "तोंड भिंतीकडे," आईने सांगितलं. मी वळवलं. तेव्हा तिने सुस्कारा टाकला आणि तिचे दोन्ही हात खाली आले, खूप लांबून ओझं आणलेल्या बाईचे येतात तसे. विमानतळावर तपासणीच्या दारात तिने आपणहून दोन्ही हात वर केले आणि तिथल्या मुलीला मालवणीत सांगितलं, "आता कायएक नाय गो माझ्याकडे."

पुढचं सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण निवडणूक आटोपल्यावर ती बंदूक आणायला गेलीच नाही. ठाण्यातून निरोप गेला, तर तिने उलट निरोप पाठवला की झिलाक दिलंय. मग मला दोहात फोन आला. हवालदार बिचारे चांगले होते, पण गोंधळलेले. "तुमच्या मातोश्री म्हणतात बंदूक कतारला मुलाकडे दिली. अहो, ती तर आमच्या कपाटात आहे! मग कतारला गेली ती कुठली?" ते हसत होते. मला मात्र हसू येईना. पोर्टवर काम करायचं तर फाटकाचा पास लागतो, पाससाठी माझ्या नावावर काही नाही असा पोलिसांचा दाखला लागतो. इथे परक्या माणसाच्या नावापुढे 'बंदूक' एवढा शब्द आला तरी पुरे, पहिल्या विमानाने घरी. मी आईला फोन केला. म्हटलं, आये, असं कोणाक सांगू नको, माझी नोकरी जाईल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरा. सांगूचंय नाय. पण तू जागो रव."

आमचं शेवटचं नीटसं बोलणं ते.

विमान मिळून मी गावी पोचलो तेव्हा तिला अग्नी देऊन झाला होता. बाबलकाकांनी सांगितलं, भर दुपारी ती खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला, दाराच्या चौकटीला टेकून बसलेली सापडली. "हात मांडीर उघडे होते रे. आताच कोणाक कायतरी दिल्यासारखे." दिवसकार्य झाल्यावर काका मला ठाण्यात घेऊन गेले. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करून घ्यायचा, की बंदूक सरकारजमा करायची, ते मला सांगायचं होतं. जमा केली तर ती मोडीत जाणार. दोहाहून येताना विमानात सगळा वेळ मी तेच उलटसुलट करत होतो. परवाना घेतला तर पोर्टचा पास, नोकरी, इथलं घर, सगळंच टांगणीला. न घेतला तर जिच्या जिवावर मी शिकलो तिची एकुलती एक देणगी भट्टीत जाणार. काका म्हणत होते, "सोडू नको. घराचो मान आसा तो."

हवालदारांनी लुगड्यात गुंडाळलेली बंदूक आणून टेबलावर ठेवली. मी लुगडं सोडलं. तीच होती. दस्त्यावर लहानपणी मी चाकूने केलेली खाच होती, घोड्याजवळ पितळेचं ठिगळ होतं. मी दोन्ही हात घातले आणि उचलली... आणि ती वाळलेल्या झावळीसारखी वर आली. इतकी हलकी, की माझा तोल गेला. मी विचारलं, हिच्यातून काही काढलंय का? हवालदार हसले, "काय काढणार साहेब, जशी ठेवली तशी आहे." मी ती टेबलावर ठेवली आणि काकांना म्हटलं, उचला बघू. त्यांनी उचलली. "जड आसा की रे," ते म्हणाले. मी पुन्हा हात लावला. माझ्या हाताला ती लाकूड आणि लोखंड असल्यासारखीसुद्धा लागेना. तेलाचा वास नाही, दारूचा नाही, काही नाही.

मी जमा करायच्या कागदावर सही केली. काका माझ्याकडे न बघता बाहेर पडले. मी त्यांना एसटीत सगळं सांगितलं, दोहातलं, फरशीवरून उचलल्याचं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. उतरताना म्हणाले, "मगे बरा केलंस. एका घराक दोन कित्याक?"

दोहाला परत आलो त्या दिवशी मेघनाने घर पुसून काढलं होतं. मॉप कुठे ठेवू म्हणून मी तो नेहमीच्या सवयीने... म्हणजे आई येण्याआधीच्या सवयीने, दारामागे टेकवायला गेलो. मेघना स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्या हातातून तो काढून घेतला. "तिथे ओलं नको," एवढंच म्हणाली.

होस्टेलवर असताना मी आईला पत्रं लिहायचो आणि बाबलकाका ती तिला वाचून दाखवायचे. घरोघर फोन आले आणि पत्रं थांबली. परवा मी काकांना विचारलं, मी एक लिहिलं तर वेडेपणा होईल का? "धाड," ते म्हणाले. "खळ्यात उभो रवान वाचतंय. आयकायची तशी आयकात." मी ते कालच पोस्टात टाकलं. त्याची नक्कल ठेवली होती, ती खाली देतो.

तीर्थरूप आयेस,
साष्टांग नमस्कार.

मी आणि मेघना खुशाल आहोत. ठाण्यातली मी सोडून दिली. रागावू नकोस, तिच्यात काही नव्हतं, तुलाही ते माहीत असणार. तू दिलेली इथे आहे, जिथे ठेवायला सांगितलंस तिथे, तोंड भिंतीकडे. मेघना तिथे ओलं फडकं लागू देत नाही. दसऱ्याला झेंडू कुठे मिळेल ते रफिकला विचारून ठेवलंय. कामावर पास नवा करून मिळाला. माझ्या नावावर काही नाही असंच त्यावर लिहिलंय. ते वाचून मला जरा हसू आलं.

रफिक तुझी आठवण काढतो. आता तो शुक्रवारी जाताना आमच्या दारावर टिचकी मारून उतरतो, ते पाऊल त्याचं आहे हे मला कळावं म्हणून. मला वाटलं होतं, त्या दिवशी तो थांबला आणि तुझं ऐकलेलं खरं झालं, आता संपलं. पण आये, तो उतरून गेल्यावर, शटरं पडल्यावर, आणखी एक पाऊल येतं. चढणारं. मेघनालाही ऐकू येतं. ते दारात थांबतं आणि बेल वाजवत नाही.

मी दार उघडत नाही. मी कोपऱ्यात हात ठेवून उभा राहतो, आणि ते जाईपर्यंत वजन माझ्या हाताला लागत राहतं. ती तू असलीस, तर तुला विचारायला नको, दाराला आतून कडी घातलेली नसते. आणि दुसरं कोणी असेल, तर त्याला कळू दे.

मी जागो आसंय.

तुजो झील,
सुधीर